मोठ्याने समजून घ्यावे

'बळी तो कान पिळी' ही म्हण ज्या कोणी पहिल्यांदा काढली त्याच्या घरी कुत्रं नसावं. एखादं असलंच तरी दोन नक्की नसावीत. आमच्या घरी दोन आहेत. एकाचं वजन ३४ किलो, दुसऱ्याचं साडेपाच. कान पिळण्याचा कार्यक्रम आमच्या ओसरीवर रोज सकाळी होतो. फक्त पिळणारा साडेपाच किलोंचा असतो आणि कान ३४ किलोंच्या मालकीचा. 'पिळणं' हा शब्दही तसा सौम्यच. लाडू भीमाचा कान दातांत धरून चक्क लोंबकळतो, आणि भीम न्हाव्यापुढे बसलेल्या सभ्य गृहस्थासारखा कुठंतरी लांब बघत मान जराशी खाली करून देतो. धाकट्याला फार उंच उडी मारावी लागू नये म्हणून!

भीम आमच्याकडे आधी आला. अंबड रस्त्यावरच्या एका मोसंबीच्या बागेत त्याची आई राखणीला होती. वडील चौकशीच्या वेळी हजर नव्हते. तोंडावर अल्सेशियनची छाया, पायांत कारवानीची लांबी आणि स्वभावात गाय, असं हे मिश्रण. पहिल्याच संध्याकाळी त्यानं पातेलंभर दूधभात संपवला, तेव्हा आईनं नाव ठेवलं भीम. महाभारतातल्या भीमाला वृकोदर म्हणतात. वृक म्हणजे लांडगा. लांडग्यासारखं पोट ज्याचं तो वृकोदर. म्हणजे लांडग्यावरून माणसाला नाव मिळालं आणि त्या माणसावरून लांडग्याच्या वंशजाला. शब्दसुद्धा कधी कधी गावभर फिरून संध्याकाळी आपल्या घरी परत येतात.

लाडू दोन वर्षांनी आला. मुलीनं त्याला पुण्याहून टोपलीत घालून आणला. विकणाऱ्यानं पॉमेरियन म्हणून विकला होता. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर 'हे इंडियन स्पिट्झ आहे' असं सांगितलं. लाडूला आम्ही ही गोष्ट अजून कळू दिलेली नाही. टोपली उघडली तेव्हा भीम वास घ्यायला पुढं झाला. त्याचं नुसतं नाक लाडूच्या डोक्याएवढं. लाडूनं त्या नाकाला कडकडून चावा घेतला. भीम दोन पावलं मागं सरला, आणि त्या दोन पावलांच्या जागेवर आमच्या घराची राज्यघटना लिहिली गेली.

या घटनेतली काही कलमं सांगण्यासारखी आहेत. उंबरठ्यावर लाडू झोपला असेल तर भीमानं तो ओलांडायचा नाही. पाऊस असला तरी अंगणात उभं राहायचं. लाडूनं आपली वाटी संपवल्यावर भीमाच्या ताटलीची तपासणी होईल. तपासणी चालू असताना भीमानं तोंड भिंतीकडे करावं. चेंडू कोणीही आणावा, तो लाडूचा. पाहुण्यांवर भुंकण्याचा हक्क लाडूचा. पाहुणे भितात मात्र भीमाला. म्हणजे कीर्ती एकाची आणि वसुली दुसऱ्याची. 'जालना, सोने का पालना' असं आमच्या गावाचं कौतुक पूर्वापार होत आलं आहे. पाळणा आमच्याही घरी आहे, वेताचा आणि गादी घातलेला. त्यात लाडू झोपतो. भीम पाळण्याखालच्या फरशीवर झोपतो, आणि पाळणा हलला की एक डोळा उघडून वर बघतो.

आता या प्रकाराला तत्त्वज्ञानात काय म्हणायचं? आपल्या शास्त्रकारांनी 'मत्स्यन्याय' असा एक शब्द दिलेला आहे. दंड धरणारा कोणी नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून राजा हवा, असं कौटिल्यानं अर्थशास्त्रात म्हटलं आहे. तिकडं ग्रीसमध्येही हीच चर्चा चालू होती. प्लेटोच्या 'गॉर्जियस'मध्ये कॅलिक्लीस नावाचे एक गृहस्थ सॉक्रेटिसाला बजावतात, की बलवानानं दुर्बलापेक्षा जास्त घ्यावं हाच निसर्गाचा न्याय आहे. जनावरांकडे बघा, हेच दिसेल. त्यावर सॉक्रेटिसानं बलवान म्हणजे नेमका कोण, हे विचारून त्या गृहस्थांना पार भंडावून सोडलं. मला वाटतं, इतका त्रास घ्यायची गरज नव्हती. कॅलिक्लीसला सकाळी साडेसातला आमच्या ओसरीवर आणून बसवलं असतं तरी भागलं असतं. आमच्या जिल्ह्यात अंबडला मत्स्योदरी देवीचं जागृत देवस्थान आहे. माशाच्या आकाराच्या टेकडीवर देवी बसली आहे. मत्स्यन्यायावर प्रवचन करायला याहून योग्य जिल्हा सापडणार नाही. पण त्याच जिल्ह्यात, आमच्या घरी, लहान मासा मोठ्या माशाला रोज सकाळी गिळतो आणि वर ढेकर देतो.

हा अनुभव आमच्यापुरताच आहे असंही नाही. ज्यांच्या घरी एक लहान आणि एक मोठं कुत्रं आहे अशा कोणालाही विचारा. ते आधी हसतील, आणि मग हीच हकीकत नावं बदलून सांगतील. शास्त्रज्ञांनीही यात लक्ष घातलेलं आहे. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांच्या तापटपणाची तुलना केली. वरच्या नंबरात कोण आलं? डॅशहुंड आणि चिवावा! चिवावा हे कुत्रं हातरुमालात गुंडाळता येतं. २०१३ साली सिडनीच्या संशोधकांना असं दिसलं, की कुत्र्याची उंची जसजशी कमी, तसतशा मालकांच्या तक्रारी जास्त. आणि २०१८ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी तर कमालच केली. कुत्रं खांबापाशी पाय वर करतं, तेव्हा तो पाय किती अंशांच्या कोनात वर जातो, हे त्यांनी मोजलं. लहान कुत्री त्या मानानं पाय जास्त उंच करतात, असं निघालं. म्हणजे आपली खूण खांबावर उंच ठिकाणी उमटावी, आणि मागून येणाऱ्याला वाटावं की इथून कोणी धिप्पाड गृहस्थ जाऊन गेले! हे वाचल्यापासून लग्नपत्रिकांवरच्या पदव्या आणि चौकातले वाढदिवसाचे फलक बघताना माझ्या मनात भलतेच विचार येऊ लागले आहेत.

लाडूच्या घराण्याचा इतिहासही याला पोषक आहे. पॉमेरियनचे पूर्वज मूळचे चांगले थोराड होते. व्हिक्टोरिया राणीनं १८८८ साली फ्लॉरेन्सहून एक लहानखोरं पॉमेरियन आणलं, तिथून लहान चणीची फॅशन वाढत गेली आणि कुत्रं आटत आटत मांडीवर मावू लागलं. शरीर आटलं, घराण्याचा अभिमान मात्र होता तेवढाच राहिला. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. निजामी राज्यातल्या जहागिऱ्या १९४९ साली संपल्या. पण पडक्या वाड्याच्या दिंडीत आरामखुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला 'कोण रे तो?' म्हणून विचारणारे आवाज त्यानंतर कित्येक वर्षं ऐकू येत होते. लाडू स्पिट्झ असला म्हणून काय झालं? तो त्याच आवाजात विचारतो.

पण हे सगळं लाडूबद्दल झालं. लहान का गुरगुरतो, याची कारणं सोपी आहेत. त्याला सगळं जग गुडघ्यांचंच दिसतं, आणि त्यातला कोणता गुडघा कधी अंगावर येईल याचा नेम नसतो. शिवाय त्याला आपणच लाडावतो. व्हिएन्नातल्या २०१० च्या एका पाहणीत असं दिसलं, की लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सुसंगत असतात. आज एक, उद्या दुसरं. यासाठी व्हिएन्नाला जायचीही गरज नाही. लाडूनं पोस्टमनची विजार धरली की घरातून आवाज येतो, 'बघा, केवढुसं आहे पण किती धीट!' भीमानं नुसती जांभई दिली तरी पोस्टमन पाकिटं टाकून फाटकाबाहेर जातो, आणि घरातून आवाज येतो, 'अरे, त्याला बांधा आधी!' एकाच घरात दोन कायदे. एकाचा चावा म्हणजे कौतुक, दुसऱ्याची जांभई म्हणजे गुन्हा.

अवघड प्रश्न आहे तो भीमाचा. तो का ऐकतो? ३४ किलोंनी साडेपाच किलोंपुढं मागं सरावं, ही भीती म्हणायची की थोरवी?

भीतीच्या बाजूनं बोलणाऱ्याला आमच्या जिल्ह्यात मोठा पुरावा मिळेल. भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र फौजेची इंग्रजांशी गाठ पडली. मराठी फौज कित्येक पटींनी मोठी, तोफा शंभराच्या आसपास. समोर आर्थर वेलस्ली. पुढं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला तोच. त्याची फौज लहान. केळणा नदीवर उतार नाही असं वाटाड्यांनी सांगितलं. पण नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं त्याला दिसली. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसली आहेत म्हणजे मधून येणंजाणं असणारच, असा हिशेब त्यानं केला आणि उतार सापडला. मराठी तोफखान्यानं शेवटपर्यंत झुंज दिली, इंग्रजांचीही भयंकर हानी झाली. पण भोसल्यांचं पायदळ फारसं न लढताच निघून गेलं आणि लहान फौजेनं दिवस मारला. तेव्हा बळ अंगात असून भागत नाही, ते वापरायचा निश्चय मनात लागतो, असा निष्कर्ष काढून भीमालाही त्याच रांगेत बसवता येईल.

पण असई ही लढाई होती, आणि आमची ओसरी हे घर आहे. रणांगणात मागं सरणं आणि घरात मागं सरणं लांबून एकसारखंच दिसतं. हाच तर नीतिशास्त्रातला त्रासदायक भाग. भित्रा माणूस आणि क्षमाशील माणूस यांचा फोटो काढला तर दोघेही गप्प बसलेलेच दिसतात. त्यातला कोण कोण, हे ओळखायचं कसं?

आमच्यापुरता या प्रश्नाचा निकाल एका दुपारी लागला. फाटक उघडं राहिलं होतं. गल्लीतलं एक दांडगं कुत्रं आत आलं. कान फाटलेला, एका डोळ्यावर जुन्या मारामारीची खूण, एकंदरीत अनुभवी गृहस्थ. ते सरळ भीमाच्या ताटलीकडे निघालं. लाडू धावत जाऊन पाळण्याखाली शिरला. भीम उठून उभा राहिला. बस्स, एवढंच. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत. नुसता चारी पायांवर उभा राहून त्यानं पाहुण्याकडे बघितलं. पाहुण्याला काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं असावं. तो आला तसा निघून गेला. मग लाडू बाहेर आला, फाटकापर्यंत जाऊन रिकाम्या रस्त्यावर पंधरा मिनिटं भुंकला, विजयी मुद्रेनं परत आला आणि भीमाची ताटली चाटून पुसून साफ केली. भीम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

म्हणजे भीती नव्हती. ज्याला परक्यापुढं उभं राहता येतं, तो घरातल्यापुढं मागं सरला तर त्याला भ्याड म्हणता येत नाही. ही त्याची समजूत होती. लांडग्यांबद्दलही पूर्वी असंच काहीबाही समजलं जाई. बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ साली शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञानं सत्तेच्या उतरंडीचं चित्र रंगवलं. सर्वांत वरचा तो 'अल्फा'. तो शब्द जगभर इतका गाजला की कचेऱ्यांतले साहेबसुद्धा स्वतःला अल्फा समजू लागले. पुढं डेव्हिड मेक या संशोधकानं रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं, की अहो, रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं; ज्यांना आपण अल्फा म्हणतो ते त्या पोरांचे आईबाप! आता आईबापांची सत्ता कशी असते हे आपण जाणतोच. लांडगे पोटात अन्न भरून आणतात आणि पिल्लांनी तोंडाला तोंड लावलं की ते ओकून त्यांना भरवतात. पिल्लं नाक चावतात, शेपटीला लोंबकळतात, आणि मोठे ते सहन करतात. 'तू मोठा आहेस ना, मग समजून घे' हे वाक्य मराठी आईनं काढलं असा आपला समज असेल. ते माणूस जन्माला यायच्या आधीपासून रानात चालू आहे.

इथपर्यंत येऊन लेख संपवता आला असता. मोठ्यानं समजून घ्यावं, लहानानं खुशाल बागडावं, आणि आपण ओसरीवर चहा घेत हे रमणीय दृश्य बघावं. पण एका मे महिन्यात हे दृश्य तितकंसं रमणीय राहिलं नाही.

जालन्याचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. पारा बेचाळिशीत, भिंतींना हात लावता येत नाही, आणि नळ ही भिंतीवरची एक शोभेची वस्तू. २०१२-१३ च्या दुष्काळात निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आटला आणि आम्ही टँकरमागं घागरी घेऊन धावलो. तेव्हापासून आमच्या घरात पाणी मोजून वापरायची सवय आहे. कुत्र्यांसाठी ओसरीच्या टोकाला एक लोखंडी घमेलं भरून ठेवलेलं असतं. त्या दुपारी आई आतून ताक घेऊन बाहेर आली आणि थबकली. घमेल्याच्या गार कडेला पाठ लावून लाडू पसरला होता. पीत नव्हता, पिऊन झालं होतं. चार पावलांवर भीम उभा होता. जीभ हातभर बाहेर, बरगड्या भात्यासारख्या खालीवर. तो एक पाऊल पुढं टाकी, लाडू झोपेतच गुरगुरे, तो एक पाऊल मागं येई. किती वेळ हे चाललं होतं कोण जाणे. मग भीमाचे मागचे पाय दुमडले आणि तो मटकन खाली बसला. तक्रार नाही, केकाटणं नाही. समजूतदारपणे.

आईनं ताकाचं भांडं त्याच्या तोंडाखाली सरकवलं, डोक्यावर ओला पंचा टाकला, आणि मला हाक मारली. मी आलो आणि बघितलं, नेहमीचं पालुपद माझ्या तोंडून निघालं, "भीम फार समजूतदार आहे, नाही?"

"समजतं म्हणून त्यानं तहानलेलं बसायचं होय रे?" आई म्हणाली. "नुसता बघायलाय बिचारा. अरे, मोठा आहे तर त्याची तहान पण मोठीच असेल की!"

थोडा वेळ ती पंच्यावर पाणी शिंपडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "मोठ्या भाऊजींना तरी कोणी विचारलं होतं का कधी?"

मोठे भाऊजी म्हणजे माझे थोरले काका. आमचं मूळ गाव घनसावंगीकडचं. त्याच तालुक्यात जांब आहे, समर्थांचं जन्मगाव. समर्थांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: लग्नात 'सावधान' ऐकलं आणि बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून निघून गेला. त्यांना गंगाधरपंत नावाचे थोरले बंधू होते आणि ते मागं जांबला राहिले, घर आणि आई सांभाळत. गोष्ट सांगणारे धाकट्याबरोबर पंचवटीला जातात. घराकडे वळून बघणारे थोडे. त्या थोरल्या बंधूंना परंपरेनं 'श्रेष्ठ' म्हटलं. आमच्या काकांच्या वाट्याला तेही आलं नाही. आमच्या शेताची वाटणी झाली तेव्हा विहिरीचा तुकडा एकच होता. सगळ्यांनी थोरल्याकडे बघितलं. काका म्हणाले, "धाकट्याला घेऊ द्या, त्याला कोरडवाहू जमायचं नाही." धाकटा म्हणजे माझे वडील. काकांनी माळाकडचं रान घेतलं आणि पुढची तीस वर्षं आभाळाकडे बघत शेती केली. उन्हाळ्यात ते आमच्या विहिरीवर पाणी भरायला येत, तेव्हा आधी हाक मारून विचारत, "नेऊ का रे दोन घागरी?" त्यांच्या तेराव्याला जमलेला प्रत्येक जण म्हणाला, "देवमाणूस. कधी एका शब्दानं काही मागितलं नाही." आई त्या दिवशी गप्प होती. त्या विहिरीचं पाणी तिनं संसारभर भरलं होतं.

मोठेपणाची सगळी गोम मला वाटतं इथं आहे. समजूतदारपणा हे दान आहे. ज्याच्यापाशी बळ आहे त्यानं ते वापरलं नाही, ही त्याची खुशी. पण दान रोज ठरल्या वेळी मिळू लागलं, की घेणारे त्याची पावती करू लागतात आणि त्याचा कर होतो. मग तो पगारदाराच्या आयकरासारखा परस्पर कापून घेतात. घरात हा कर नेहमी एकाच माणसाकडून वसूल होतो, कारण तो भरतो. जो आरडाओरडा करतो त्याला माफी, जो गप्प बसतो त्याला 'देवमाणूस' हे प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्र देणं फार सोयीचं असतं. त्याला विहीर द्यावी लागत नाही.

मग लाडूला धडा शिकवावा का? भीमानं एकदा दात दाखवावेत का? तसा सल्ला देणारे शेजारी आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण साडेपाच किलोंना ३४ किलोंनी एकदाच धडा शिकवला, तरी तो शेवटचाच धडा ठरायचा. आणि लाडू काही खलपुरुष नाही. गडगडाट झाला की तो पाळण्यातून खाली उतरतो आणि भीमाच्या पोटाला पाठ लावून झोपतो. ज्याचं पाणी अडवायचं त्याच्याच पोटाशी झोपायचं, हे त्याला विसंगत वाटत नाही. आपल्यापैकी किती धाकट्यांना वाटतं?

मत्स्यन्यायाला उत्तर म्हणून शास्त्रकारांनी माशांना उपदेश केला नाही, ही गोष्ट मला अलीकडे फार शहाणपणाची वाटू लागली आहे. मोठ्या माशा, तू दया कर. लहान माशा, तू धीट हो. असं त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी दंड धरणारा तिसरा मागितला. लहान मासाच मोठ्याला गिळू लागला तरी उत्तर तेच. भीमाची थोरवी भीमाची, लाडूची भीती लाडूची. पण न्याय करणं हे त्या दोघांचंही काम नव्हे. ज्याच्या हातात पाण्याची बादली आहे त्याचं ते काम. मोठ्याच्या चांगुलपणावर घर चालत असेल, तर त्या घरात कोणीतरी आपलं काम करत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आईनं एवढा विचार केला नाही. तिनं त्याच संध्याकाळी अडगळीतून दुसरं घमेलं काढलं, घासलं, भरलं आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. लाडूला अर्थातच हे पसंत पडलं नाही. साम्राज्य वाढल्यासारखं करून त्यानं दोन्ही घमेल्यांवर हक्क सांगितला आणि पहिले काही दिवस तो या टोकाहून त्या टोकाला गस्त घालत राहिला. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत त्याला बरीच धाव लागते. भीमाची तीच मोजून दहा पावलं. लाडू या टोकाला असला की भीम शांतपणे त्या टोकाला जातो आणि पाणी पितो. पिताना पहिल्यांदा मान वळवून एकदा मागं बघतो, ती सवय अजून गेलेली नाही. मग मात्र पोटभर पितो. वृकोदराला शोभेल असं, घमेलं रिकामं होईपर्यंत. आणि आई ते पुन्हा भरते.